क्रोम चढवलेली पकड

पाखराच्या पायात वाळा घालायची पकड कशी निवडावी, हे मला अजून मुलं विचारतात. फोनवर फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, "मॅडम, ही घेऊ का?" अरे, फोटोवरून पकड कळली असती तर मग काय हवं होतं! मी त्यांना सांगते, आधी ती हातात घे. मिटव आणि उजेडाकडे धर. दोन जबड्यांच्या मधून उजेडाची रेघ दिसली की ठेव खाली. मग हलवून बघ, खिळ्यापाशी खुळखुळली की ठेव खाली. वाळा बसतो त्या भोकाच्या कडेनं टाचणी फिरव, कुठं अडखळली की ठेव खाली. शेवटी एक रिकामा वाळा तिच्यात मिटव आणि जोडावरून नख फिरव. नखाला जोड कळला, तर ती पकड खिळे उपटायला ठेव, पाखराच्या जवळ नेऊ नकोस. आणि दुकानदार "चालशे", म्हणजे चालेल, असं म्हणाला तर पकडच काय, दुकानसुद्धा सोड. मुलं हसतात. त्यांना वाटतं बाई गंमत करतायत. साठी जवळ आली तरी त्या एका शब्दानं माझं डोकं फिरतं, आणि ते का फिरतं हे एकदा नीट लिहून टाकावं म्हणून हे प्रकरण.

आम्ही तेव्हा बडोद्यात कारेलीबागेत राहायचो, एका सोसायटीत, पहिल्या मजल्यावर. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते असं घरात सांगत, पण त्यांचं घोडं, तलवार काही आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. पोचला होता तो ताठा. माझे वडील, अण्णा, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात माल तपासणीला होते. तयार झालेली हत्यारं त्यांच्या टेबलावर यायची, ते बघायचे आणि पास किंवा नापास करायचे. मधलं काही त्यांना माहीत नव्हतं. शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी एक घडीचं भिंग असायचं, ते रविवारीसुद्धा तिथंच. आईनं मंगळबाजारातून सांडशी आणली तर ती आधी अण्णांच्या हातात जायची. ते ती मिटवायचे, कानाशी नेऊन खुळखुळवायचे आणि म्हणायचे, "परत." आई म्हणायची, "अहो, दूध उतू चाललंय, आत्ता पदरानं धरू का पातेलं?" तरी सांडशी परत जायची. तो दुकानदार आईला लांबून बघूनच म्हणायचा, "आव्या काकी? काकाए ना पाडी?" आलात काकी, काकांनी नको म्हटलं ना? आणि मुकाट्यानं दुसरी काढून द्यायचा. मी लहानपणापासून हे बघत आले. दुसऱ्या मुलींना वडिलांनी सायकल शिकवली, पोहायला शिकवलं. मला वस्तूकडे संशयानं बघायला शिकवलं.

घर आवाजाचं होतं. खालच्या मजल्यावर गणिताचा क्लास चालायचा, त्यातल्या मुलांचे गुजराती पाढे जिन्यातून वर यायचे. सकाळी सगळ्या सोसायटीच्या स्कूटरी एकदम किका मारून उठायच्या. आईच्या आमटीत गूळ जरा जास्त पडायचा. अण्णा रोज म्हणायचे, "ही आमटी आहे की बासुंदी?" आणि रोज दोनदा मागून घ्यायचे. आम्ही घरात मराठी बोलायचो, पण जिना उतरला की जिभेवर आपोआप गुजराती यायचं, आणि भांडण वाढलं की घरातसुद्धा. नवे दिवस येऊ घातले होते. टीव्हीवर चॅनेलं वाढली होती, चौकाचौकात परदेशी बाटल्यांचे फलक लागले होते, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच गोष्ट होती, माल एक्स्पोर्ट क्वालिटीचा पाहिजे. म्हणजे काय, तर चकाचक पाहिजे.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि घरच्यांच्या दृष्टीनं बिघडले होते. अण्णांना मी बी.एड. करायला हवी होती, आईला माझं लग्न व्हायला हवं होतं, आणि मी हिवाळ्याच्या पहाटे मोपेड काढून सावली गावाच्या रस्त्यावरच्या एका तळ्यावर जात होते. तिथं आमच्या पक्षीमंडळाचा कॅम्प असायचा. बारीक जाळी लावायची, त्यात उतरलेलं पाखरू अलगद सोडवायचं, त्याचं वजन करायचं, पंख मोजायचा, पायात नंबर कोरलेला ॲल्युमिनियमचा वाळा घालायचा आणि सोडून द्यायचं. पुढं ते जगाच्या पाठीवर कुठं कुणाला सापडलं तर त्या नंबरावरून कळणार, हे बडोद्याहून गेलेलं. "चिमण्यांना बांगड्या भरते," असं आई शेजारणींना सांगायची. अण्णा एवढंही बोलायचे नाहीत. एकदा मात्र जिन्यात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "वृंदे, चार पुरुषांबरोबर अंधारात तळ्यावर जाणं बंद." मी म्हटलं, "उजाडल्यावर गेले तर पाखरं सापडत नाहीत, अण्णा. बाजूला व्हा." ते बाजूला झाले. मलाच धक्का बसला. आईनं मागून ओरडून डब्यात थेपले घातल्याचं सांगितलं, म्हणजे तिचीही फूस होतीच म्हणायची.

कॅम्पचे मुख्य भट्टसाहेब. वासण्याला राहायचे, सरकारी परवाना त्यांच्या नावावर होता, आणि पाखरांवर त्यांचं खरं प्रेम होतं, हे मी नाकारणार नाही. पण त्यांच्या कॅम्पात एक रीत होती. मुलींनी नोंदी लिहायच्या आणि मुलांनी पकड धरायची. जाळ्यातून पाखरू सोडवायला मात्र मीच लागायची, कारण माझी बोटं बारीक. गुंता सोडवायचा मी, पाखरू धरायचं मी, आणि वाळा मिटवायची वेळ आली की जिग्नेश नावाचा एक मुलगा बाह्या सरसावून पुढं यायचा. मी विचारलं, "मी का नाही?" तर भट्टसाहेब म्हणाले, "वृंदाबेन, एमां ताकात जोईए." ताकद! मऊ ॲल्युमिनियमची पट्टी ती, आई पोळी दुमडते त्याहून कमी जोर लागतो. लागतं ते डोकं. वाळा मिटताना त्याची दोन्ही टोकं अशी भेटली पाहिजेत की फट राहू नये आणि एकावर एक चढूही नये. फट राहिली तर गवत अडकतं. चढला तर आतलं टोक पायाला घासतं, आणि पाखरू काही वाळा काढून ठेवू शकत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. आदल्या वर्षी आम्हीच वाळा घातलेला एक धोबी पुन्हा जाळ्यात आला होता. धोबी म्हणजे ते शेपटी खालीवर करत पाण्याच्या कडेनं तुरुतुरु पळणारं पाखरू, पोटाला पिवळं, हातात घेतलं तर आहे की नाही कळू नये इतकं हलकं. त्याच्या पायात वाळा दिसेना. दिसेना म्हणजे तो मांसात रुतला होता, आणि वर पाय सुजून जांभळा झाला होता. भट्टसाहेबांची एकुलती एक जुनी परदेशी पकड झिजली होती, ती वाळा जास्त दाबायची. मी तो वाळा काढला. कसा काढला ते लिहीत नाही. पाखरू माझ्या हातात गेलं. भट्टसाहेबांचे डोळे भरले, पण ते म्हणाले काय, तर "एकाद तो एवुं थाय, बेन." एखादं तर होतंच. मी त्या दिवशी घरी येऊन जेवले नाही. आईनं विचारलं तर तिच्यावरच खेकसले.

मग नव्या पकडी आल्या. मंडळाला एक शेठ भेटले, मोठे कारखानदार, दानधर्माची आणि फोटोची हौस असलेले. भट्टसाहेबांनी ती जुनी पकड नमुना म्हणून दिली, झिजलेली जागा समजावून सांगितली, आणि शेठनी आपल्या कारखान्यात पेटीभर पकडी करून घेतल्या. कारखाना कोणता? अण्णांचाच. मला हे अण्णांकडून नाही, भट्टसाहेबांकडून कळलं. घरी विचारलं तर अण्णा म्हणाले, "हो, माझ्या टेबलावरून गेल्यात. भोकं मी स्वतः मोजलीत. तुझ्या धोब्याला आता काही होत नाही." मला इतका आनंद झाला की त्या दिवशीची आमटी मीच वाढली. आमचे अण्णा आणि माझी पाखरं कधी एका ओळीत येतील असं मला वाटलं नव्हतं.

शुक्रवारी पेटी कॅम्पवर आली. रविवारी शेठ स्वतः येणार होते, बरोबर त्यांचे परदेशी पाहुणे, ज्यांच्याशी कारखान्याचा नवा करार व्हायचा होता. शेठ स्वतःच्या हातानं पहिला वाळा घालणार, फोटो निघणार. भट्टसाहेबांनी झाकण उघडलं आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम "वाह!" निघालं. आत मखमल, आणि मखमलीवर आरशासारख्या चकचकीत पकडी. जिग्नेश तर त्यात केस बघायला लागला. मी एक उचलली. मिटवली, उजेडाकडे धरली. जबड्यांच्या मधून उजेड दिसला. दुसरी उचलली. तिच्यातही दिसला. टाचणी घेतली आणि भोकाच्या कडेनं फिरवली, तर कडेला एक बारीकसा उंचवटा. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भोकं बरोबर पाडली होती, अण्णांनी बरोबर मोजली होती, आणि त्यानंतर कुणीतरी त्या पकडींवर क्रोम चढवलं होतं. क्रोम काही फक्त वरून चढत नाही. ते भोकाच्या आतही चढतं, कडांवर तर सगळ्यात जाड बसतं, आणि तेवढं भोक लहान होऊन वाळा जास्त दाबला जातो. मोठ्या वाळ्याला एक वेळ फरक पडणार नाही. धोब्याच्या वाळ्याला तेवढाच फरक पुरतो.

मी सतरंजीवर बसले आणि पेटीतली एकेक पकड घेऊन तिच्यात लहान वाळा मिटवत सुटले. प्रत्येक वेळी टोकावर टोक चढलं. मोठ्या भोकाच्या काही चांगल्या निघाल्या, त्या मी वेगळ्या ठेवल्या, पण लहान मापाची एकही नाही. भट्टसाहेब आधी हसत होते, मग वाळे फुकट जातायत म्हणून चिडले.

"साहेब, या लहान पकडी वापरता येणार नाहीत," मी म्हटलं. "नख फिरवून बघा."

त्यांनी फिरवलं. त्यांना कळलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं ना, त्यांना कळलं होतं. तरी ते म्हणाले, "चालशे, बेन. थोडुं तो चालशे."

"नाही चालणार. मागचा धोबी विसरलात?"

"रविवार पूरतुं, वृंदाबेन. एक ज पक्षी. एक फोटो. पछी सुधारी लईशुं." फक्त रविवारपुरतं, नंतर दुरुस्त करून घेऊ. आणि मग, मला खूश करायला, "पक्षी तमे पकडजो. फोटामां बहेन होय तो सारुं लागे."

म्हणजे बघा, दोन वर्षं मला पकडीपाशी येऊ दिलं नाही, आणि आता फोटोत बाई बरी दिसते म्हणून पाखरू धरायला मी! अंगाचा तिळपापड झाला. मी त्यातली एक पकड पर्समध्ये टाकली आणि घरी आले.

अण्णा पाटावर बसले होते, समोर आमटी-भात. मी पकड आणि चढलेला वाळा त्यांच्या ताटाशेजारी ठेवला आणि सगळं सांगितलं. भिंग त्यांच्या खिशात होतं. पकड हातभर अंतरावर होती. त्यांनी बघितलं नाही. भात कालवत म्हणाले, "मी पास केलेला माल आहे."

"क्रोमच्या आधी पास केलात. नंतर कुणी बघितलं?"

"पॉलिश ही दिसायची गोष्ट असते. शेठनी स्वतः सांगून करून घेतलं, पाहुण्यांना दाखवायला. त्यात आपण पडायचं नाही."

"अण्णा, एकदा बघा तरी!"

"वृंदे," ते म्हणाले, आणि आवाज चढवला नाही, त्यानं मला जास्त भीती वाटली, "कारखान्यात माणसं कमी करतायत. रोज एकाला बोलावून कागद हातात ठेवतायत. रविवारी सगळ्या स्टाफला तिथं यायचंय, बस ठेवलीय. मी मागं उभा असणार. तिथं तोंड उघडू नकोस. एवढं ऐक माझं."

आईनं मध्ये पडायचं म्हणून विचारलं, "भात घेतेस का?" मी घेतला नाही. सांडशी खुळखुळते म्हणून बाजारात परत पाठवणारा माणूस, आणि हातभर अंतरावरची पकड उचलून बघेना! आज इतक्या वर्षांनी मला त्यांची भीती कळते, पगार घरी आणणाऱ्या प्रत्येकाला ती असते. पण कळणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं. मला ते तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही नाही.

रविवारी तळ्याच्या काठावर मंडप होता, खुर्च्या होत्या, खमण-फाफड्याची ताटं होती. इतक्या गडबडीत पाखरू जाळ्यात यायचं नाही अशी मला आशा होती, पण आलं. आणि आलं ते नेमका पिवळा धोबी. मी तो सोडवला. मान दोन बोटांच्या मध्ये, पाठ तळहाताला टेकवलेली, असा धरला. त्याचं काळीज माझ्या तळव्यावर थडथड उडत होतं. शेठ कोट-टायमध्ये होते, आनंदी माणूस, वाईट नव्हते. हातात ती लखलखती पकड, तिच्या भोकात वाळा बसवलेला. भट्टसाहेब त्यांना कानात सांगत होते कसं दाबायचं ते. फोटोवाला गुडघ्यावर बसला. परदेशी पाहुणे वाकून बघत होते. मी पाखराचा पाय बोटांत धरून पुढं केला. स्टाफच्या घोळक्यात, अगदी मागं, अण्णा ताठ उभे होते. शेठनी पकड पायापाशी आणली आणि दाबायच्या आधी मान वर करून फोटोवाल्याकडे हसले.

तोंड उघडू नकोस असं अण्णांनी सांगितलं होतं. मी तोंड उघडलं नाही. मूठ उघडली.

धोबी भुर्रकन शेठच्या टायजवळून गेला आणि पाण्यावरून दिसेनासा झाला. मग शेठच हसले, "अरे, उडी गयुं!" मंडपात हशा पिकला. भट्टसाहेब घाईनं म्हणाले, "कंई नहीं, साहेब, छोकरी छे, गभराई गई. हाथमांथी छटकी गयुं. हमणां बीजुं लावीए." बिचारी, घाबरली. हातातून निसटलं. आत्ता दुसरं आणतो. सगळ्यांनी माझ्याकडे अशा दयेनं बघितलं की अंगावर काटा आला. मी अण्णांकडे बघितलं. त्यांचे खांदे सैल झाले होते. त्यांनी मला अगदी बारीक मान हलवून खुणावलं, राहू दे, झालं ते झालं. आणि खरोखरच मला मान खाली घालून गप्प बसता आलं असतं. पाखरू वाचलं होतं, शेठ हसत होते, बापाची नोकरी सुखरूप होती. फक्त मी एक घाबरलेली मुलगी व्हायचं होतं, आणि दुसरं पाखरू येईपर्यंत थांबायचं होतं.

ते मात्र माझ्याच्यानं होईना. घाबरले? मी? तळ्यावरचं एक पाखरू माझ्या हातून आजवर निसटलं नव्हतं! आणि मी गप्प बसले की पुढच्या धोब्याला जिग्नेश धरणार होता. मी शेठना समजेल अशा गुजरातीत, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "छटक्युं नथी, साहेब. में छोड्युं छे."

निसटलं नाही, मी सोडलं. हशा थांबला. शेठच्या हातातली पकड मी घेतली, हो, मागितली नाही, घेतली. त्यातला वाळा मिटवला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "नख फेरवी जुओ." त्यांनी नख फिरवलं. अडकलं. पुन्हा फिरवलं. माणूस कारखानदार होता, त्याला अडकलेलं नख कळत होतं. मी म्हटलं, हे टोक पाखराच्या पायात रुततं, पाय सुजतो आणि पाखरू मरतं. आदल्या वर्षी एक मेलंय, माझ्या हातात. भट्टसाहेबांना विचारा. भट्टसाहेबांनी खमणाच्या ताटांकडे बघितलं.

परदेशी पाहुण्यांतल्या एकानं शेठना काही विचारलं. शेठच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी पाहुण्यांना उत्तर दिलं नाही, स्टाफकडे वळून विचारलं, "इन्स्पेक्शन कोणे कर्युं?"

बसभर माणसं, सगळी आपापल्या बुटांकडे बघत. मला त्या क्षणी जे वाटलं ते खरं सांगते, पश्चात्ताप नव्हे, राग. पकड बघायची वेळ होती तेव्हा बघितली नाहीत, आता भोगा, असा राग. आणि त्याच रागाच्या पोटात भीती, की आता अण्णा काय म्हणतील. घोळका बाजूला झाला आणि अण्णा पुढं आले. चालताना खिशातून भिंग काढलं. माझ्याकडे न बघता माझ्यासमोर हात केला. मी पकड दिली. त्यांनी ती मिटवली, सूर्याकडे धरली, कानाशी नेली, मग भिंगाखाली भोक बराच वेळ बघितलं. टेबलावर बघायचे तसंच, कुणाची पर्वा न करता.

"में कर्युं, साहेब. प्लेटिंग पहेलां," ते म्हणाले. "प्लेटिंग पछी मारी पासे आव्यो नथी. आ माल नहीं चाले."

मी तपासला तो क्रोमच्या आधी, नंतर माझ्याकडे आलाच नाही. नहीं चाले! बडोद्यात शेठच्या तोंडावर, पाहुण्यांच्या देखत. मला वाटलं मी टाळ्या पिटीन. पण त्यांनी पकड शेठना परत दिली आणि बसकडे चालू लागले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा ते म्हणाले, "चारचौघांत बापाचं नाक कापलंस." मी म्हटलं, "शुक्रवारी घरातच बघितलं असतं तर चारचौघांत जावं लागलं नसतं." त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि त्यानंतर किती तरी दिवस मला फक्त त्याचं मागचं पान दिसत राहिलं.

त्या हिवाळ्यात लहान पाखरांना वाळे घातले गेले नाहीत. भट्टसाहेब सांगत फिरले की सीझन माझ्यामुळे बुडाला. बुडू दे. पुढच्या वर्षी पकडी पुन्हा आल्या, बिनपॉलिशच्या, काळपट. जिग्नेश पुढं व्हायच्या आत मी पेटीतली एक निवडली, हातात धरली आणि भट्टसाहेबांकडे बघितलं. त्यानंतर कॅम्पात मी पुन्हा लिहायला बसले नाही.

पण ते पुढचं. त्याआधी, कार्यक्रमानंतर थोड्याच दिवसांत, अण्णांची तपासणीच्या टेबलावरून स्टोअरला बदली झाली. काढलं नाही, एवढंच. पोती आणि ड्रम यांच्यात एक लाकडी स्टूल. ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी आईनं ताटं मांडली ती आदळूनच. अण्णा पाटावर बसले, मी समोर. आई उभीच राहिली.

"मिळालं समाधान?" ती मला म्हणाली. "मुठीएवढं पाखरू ते. त्याच्या पायासाठी बापाचं टेबल घालवलंस. आयुष्यभर त्या टेबलावर बसले ते. काय मिळवलंस गं?"

"घालवलं. आणि उद्या पुन्हा तसलीच पकड समोर आली तर पुन्हा सोडीन."

"बघा! ऐका तुमच्या मुलीचं!" आईनं पळी पातेल्यात टाकली. "अहो, काही बोला की!"

अण्णा जेवत होते. घास संपवला. पाणी प्यायले. किती तरी दिवसांनी त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"पुढच्या वेळी सोडायच्या आधी मला दाखव," ते म्हणाले. "बघेन मी."

आणि त्यांनी आमटीसाठी वाटी पुढं केली.